८२३ वर्षांनी येणारा महिना, १ जूनचे वाढदिवस आणि माझा सहा आकडी बग

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज ठरलेला आहे. पाठवणारे बहुतेक वेळा मामाच. या महिन्यात ५ शुक्रवार, ५ शनिवार आणि ५ रविवार आलेत, हा योग ८२३ वर्षांतून एकदाच येतो, ११ जणांना पाठवा, घरात पैसा येईल. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो आला तेव्हा मी विचारलं, "मामा, जानेवारीतही असंच होतं की!" मामांनी हात जोडलेला इमोजी पाठवला. जुलै २०२२ मध्ये मेसेज परत हजर.

यातलं गणित चौथीच्या पोरालाही जमेल असं आहे. ३१ दिवसांचा महिना म्हणजे ४ पूर्ण आठवडे आणि वर ३ दिवस. त्यामुळे महिन्याचे पहिले तीन वार पाच-पाच वेळा येतात, बाकीचे चार वार चार-चार वेळा. महिना शुक्रवारी सुरू झाला की शुक्रवार, शनिवार, रविवार पाच वेळा. बस्स, एवढाच तो 'योग'. वर्षात ३१ दिवसांचे सात महिने असतात, त्यातला एखादा शुक्रवारी सुरू होतोच. २०२३ मध्ये डिसेंबर, २०२४ मध्ये मार्च, २०२५ मध्ये ऑगस्ट, २०२६ मध्ये मे. खरी दुर्मिळ गोष्ट हवी असेल तर २०१८ बघा, त्या वर्षी असा एकही महिना नव्हता. पण तो मेसेज कोणी पाठवला नाही.

आणि ८२३ हा आकडा तर मुळातच अशक्य आहे. आपण वापरतो ते इंग्रजी कॅलेंडर दर ४०० वर्षांनी जसंच्या तसं फिरून येतं. ४०० वर्षांत ९७ लीप वर्षं असतात, म्हणजे एकूण १,४६,०९७ दिवस, आणि या संख्येला ७ ने भागलं की बरोबर २०,८७१ आठवडे येतात, बाकी शून्य. त्यामुळे या कॅलेंडरमधला वार-तारखेचा कुठलाही मेळ जास्तीत जास्त ४०० वर्षांत परत येणारच.

असाच एक मेसेज २०११ मध्ये फिरत होता. जन्मसालाचे शेवटचे दोन आकडे घ्या, त्यात यंदा पूर्ण होणारं वय मिळवा, सगळ्यांचं उत्तर १११ येईल! मी तेव्हा शाळेत होते आणि अख्ख्या चाळीत सगळ्यांची बेरीज करत फिरले होते. २०११ मधून १९०० वजा केले की १११ उरतात, यापलीकडे त्यात काही नाही. माझ्या २००३ च्या चुलत भावाचं उत्तर ११ आलं आणि तो रडकुंडीला आला, हा त्यातला एकमेव अनपेक्षित भाग.

आकडे खरे, आश्चर्य चुकीचं

वरचे दोन्ही प्रकार पाच मिनिटांत निकालात निघतात. मला जास्त मजा वाटते ती दुसऱ्या जातीच्या मेसेजची, ज्यातली माहिती बरीचशी खरी असते. लिंकन आणि केनेडी यांचं उदाहरण घ्या. लिंकन अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले १८४६ मध्ये, केनेडी १९४६ मध्ये. अध्यक्षपदाची निवडणूक जिंकली १८६० मध्ये आणि १९६० मध्ये. दोघांवर गोळी झाडली गेली ती शुक्रवारी. दोघांनंतर अध्यक्ष झालेल्या माणसाचं आडनाव जॉन्सन, एकाचा जन्म १८०८ चा, दुसऱ्याचा १९०८ चा. हे सगळं खरं आहे. (त्याच मेसेजमध्ये लिंकनच्या सेक्रेटरीचं आडनाव केनेडी होतं असंही असतं, त्याला मात्र पुरावा नाही. तसा आपल्या शाळांच्या भिंतींवर लावलेल्या, हेडमास्तरांना लिहिलेल्या त्या पत्रालाही नाही, पण तो वेगळा विषय.)

आता त्या यादीत काय नाही ते बघा. लिंकनचा जन्म १८०९ चा, केनेडींचा १९१७ चा. मृत्यू १८६५ मध्ये आणि १९६३ मध्ये. इथे १०० वर्षांचा हिशोब जुळत नाही, म्हणून या ओळी मेसेजमध्ये नाहीत. दोन माणसांची तुलना शेकडो गोष्टींवर करता येते. जुळलेल्या दहा ठेवल्या, न जुळलेल्या शेकडो फेकल्या, की चमत्कार तयार. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या 'स्केप्टिकल इन्क्वायरर' मासिकाने अशाच याद्या बनवण्याची स्पर्धा ठेवली होती. तिथे एकाने केनेडी आणि मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष अल्वारो ओब्रेगॉन यांच्यात १६ साम्यं काढून दाखवली.

म्हणजे प्रश्न 'हे जुळलं कसं?' असा नसतो. 'जुळण्यासाठी एकूण किती संधी होत्या?' असा असतो. हे वाक्य मी आज सहज लिहितेय, पण ते मला समजलं ते एका बगमुळे. त्याआधी थोडं वाढदिवसाचं गणित बघून घेऊ, म्हणजे तो बग नीट कळेल.

२३ जण आणि २५३ जोड्या

एका खोलीत किती माणसं असली की त्यातल्या कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते? बहुतेक जण ३६५ चे निम्मे करून १८३ म्हणतात. खरं उत्तर २३. तेवीस माणसं असली की शक्यता ५०.७ टक्के होते. ५० माणसांत ९७ टक्के, ६० माणसांत ९९ च्या वर.

पटत नाही, कारण आपण नकळत वेगळाच प्रश्न सोडवतो. 'माझ्या' तारखेचं कोणी आहे का, असा. त्यासाठी खरंच २५३ इतर माणसं लागतात. पण मूळ प्रश्नात 'माझ्या' हा शब्दच नाही, कुठलेही दोघे चालतात. २३ जणांत प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावली तर २३ गुणिले २२ भागिले २, म्हणजे २५३ जोड्या होतात. माणसं २३ असली तरी जुळण्याच्या संधी २५३ आहेत. (दोन्हीकडे २५३ आला हा योगायोग नाही. ३६५ पैकी एक अशी संधी साधारण २५३ वेळा मिळाली की एकदा तरी जुळण्याची शक्यता निम्मी होते, मग त्या संधी माणसांमधून येवोत की जोड्यांमधून.)

अचूक उत्तर काढायचं असेल तर उलटं मोजायचं. पहिल्या माणसाला ३६५ तारखा मोकळ्या, दुसऱ्याला ३६४, तिसऱ्याला ३६३, असं करत तेविसाव्याला ३४३. प्रत्येकाला ३६५ ने भागून सगळ्यांचा गुणाकार केला की ०.४९३ येतो. ही कोणाचीही तारीख न जुळण्याची शक्यता, उरलेली ०.५०७ जुळण्याची.

याची एक झकास चाचणी आयतीच मिळाली होती. २०१४ च्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये ३२ संघ होते आणि प्रत्येक संघात बरोबर २३ खेळाडू. गणित म्हणतं, साधारण निम्म्या संघांत तरी जोडी सापडायला हवी. तपासलं तेव्हा १६ संघांत सापडली. ३२ पैकी बरोबर १६!

लक्षात ठेवायला एक ढोबळ नियम आहे. एकूण पर्याय जितके, त्यांचं वर्गमूळ काढा आणि १.२ ने गुणा. ३६५ चं वर्गमूळ साधारण १९, त्याच्या १.२ पट म्हणजे २३. तेवढ्या वस्तू झाल्या की टक्कर होण्याची शक्यता निम्मी. आता ३६५ च्या जागी १० लाख ठेवा. वर्गमूळ १,०००. म्हणजे साधारण १,२०० वस्तूंतच गडबड सुरू होते. मी हे करून पाहिलं नव्हतं.

बग

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. आमच्याकडे एका पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर होतं. पेशंट रक्त देऊन घरी जाणार, रिपोर्ट तयार झाला की एसएमएसवर एक कोड जाणार, वेबसाइटवर तो कोड टाकला की रिपोर्ट दिसणार. कोड बनवायचं काम माझ्याकडे आलं. लॅबचे पेशंट बरेचसे वयस्कर, त्यामुळे मी कोड छोटा ठेवला: सहा आकडी रँडम नंबर. ०००००० पासून ९९९९९९ पर्यंत, म्हणजे १० लाख कोड. लॅबमध्ये रोज साधारण २०० रिपोर्ट. १० लाखांत २००, कशाला होतेय टक्कर? डेटाबेसमध्ये हा कोड आधी कुणाला दिलाय का हे तपासायचीही तसदी मी घेतली नाही.

महिन्याभराने लॅबला एका काकांचा फोन आला. काही दिवसांपूर्वी त्यांनी रिपोर्ट बघितला होता, तेव्हा ठीक होता. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री परत उघडला तर साखर एकदम वाढलेली. घरात धावपळ झाली, गोड बंद, मुलाला मुंबईहून फोन. सकाळी सुनेने नीट वाचल्यावर कळलं की वरचं नावच दुसऱ्याचं आहे. एकाच कोडचे दोन रिपोर्ट होते आणि माझा प्रोग्राम त्यातला नवा दाखवत होता.

मी आधी म्हटलं, लाखात एक घडणारी गोष्ट आहे, नेमकी घडली. माझे सीनियर शेजारीच बसायचे. ते म्हणाले, "अगं, कॉलेजात तुमच्या वर्गात किती पोरं होती?"

"साठ."

"एकाच दिवशी वाढदिवस असलेलं कोणी होतं?"

होते की. दोन जोड्या होत्या, आम्ही त्यांच्याकडून एकत्र पार्टी उकळायचो. आणि त्याचं आम्हाला कधी काही वाटलं नव्हतं.

मग बसून आकडे मांडले. महिन्याला ६,००० रिपोर्ट. ६,००० गुणिले ५,९९९ भागिले २ म्हणजे जवळपास १ कोटी ८० लाख जोड्या. प्रत्येक जोडीचा कोड सारखा असण्याची शक्यता १० लाखात एक. म्हणजे अपेक्षित टकरी १८. डेटाबेसमध्ये शोधलं तर १६ सापडल्या. लाखात एक वगैरे काही नव्हतं, पहिल्या आठवड्यातच पहिली टक्कर झालेली होती. बाकीच्या कुणाला कळलं नाही, कारण बहुतेक लोक रिपोर्ट एकदाच उघडतात. लॅबच्या रिसेप्शनवरच्या मॅडमनी त्या ३२ जणांना एकेक फोन केला. मी शेजारी उभी होते. ती दुपार मी विसरलेले नाही.

याच हिशोबातून दुसरी एक भानगडही बाहेर आली. १० लाखांपैकी ६,००० कोड चालू असतील तर कोणीही मनाला येईल तो नंबर टाकत बसलं, तर सरासरी १६७ प्रयत्नांत कुणाचा तरी रिपोर्ट उघडतो. म्हणजे टक्कर झाली नसती तरी कुलूप कच्चंच होतं.

१ जून

मी सुचवलेला पहिला उपाय होता कोडसोबत जन्मतारीखही विचारायची. सीनियर हसायला लागले. "तुझ्या आजोबांचा वाढदिवस कधी असतो?"

१ जून. माझ्या आजोबांचा १ जून, त्यांच्या धाकट्या भावाचा १ जून, शेजारच्या सावंत आजींचाही १ जून. ज्यांच्या घरात जुन्या पिढीतली माणसं आहेत त्यांना हे सांगायला नको. जन्माची नोंद नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मग नाव घालताना गुरुजी वय बसेल असं साल धरून १ जून लिहून टाकायचे. दर वर्षी त्या दिवशी फेसबुकवर शुभेच्छांचा पूर येतो आणि १ जूनचे विनोदही फिरतात.

प्रोग्राम लिहिणाऱ्याने मात्र यावर फक्त हसून चालत नाही. वाढदिवसाच्या गणितात आपण धरलंय की सगळ्या तारखा सारख्याच शक्यतेने येतात. प्रत्यक्षात त्या कधीच सारख्या येत नाहीत, आणि त्या जितक्या एका जागी गोळा होतील तितकी टक्कर लवकर होते, उशिरा कधीच नाही. २३ हा आकडा म्हणजे सगळं समान वाटलेलं असतानाचा हिशोब आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात तो पाच-सहा जणांवरच आला तर मला नवल वाटणार नाही. आणि आमच्या लॅबचे पेशंट नेमके त्याच वयाचे. त्यात काउंटरवर फक्त वय सांगितलं तर सॉफ्टवेअर जन्मतारखेत आपोआप १ जानेवारी भरत होतं. म्हणजे ज्यांच्यासाठी दुसरं कुलूप लावायचं, त्यातल्या अर्ध्या लोकांची किल्ली एकच.

शेवटी तीन गोष्टी केल्या. डेटाबेसला सांगितलं की या रकान्यात एकच किंमत दोनदा येता कामा नये. ही खरं तर एका ओळीची सूचना आहे आणि ती पहिल्याच दिवशी हवी होती. दुसरं, रिपोर्ट उघडताना नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी. तिसरं, आतल्या कामासाठी सहा आकडी नंबर काढून यूयूआयडी वापरला.

किती मोठा नंबर पुरेसा?

यूयूआयडी म्हणजे १२८ बिटांचा नंबर. त्याच्या रँडम प्रकारात १२२ बिट खरोखर रँडम असतात. इथेही तोच वर्गमूळाचा नियम लागतो, पण १२२ बिटांचं वर्गमूळ म्हणजे ६१ बिट आणि तेही अवाढव्य आहे. दर सेकंदाला १०० कोटी यूयूआयडी बनवत राहिलात तर एखादी टक्कर होण्याची शक्यता निम्मी व्हायला साधारण ८६ वर्षं लागतील. रोज २०० रिपोर्टवाल्या लॅबला तेवढं पुरे.

पण हा भरवसा नंबर खरोखर रँडम असेपर्यंतच आहे, आणि कोणी मुद्दाम टक्कर घडवायला बसलं तर चित्र बदलतं. फाईलचा 'हॅश' तुम्ही ऐकला असेल: फाईलमधल्या मजकुरावरून काढलेला एक ठसा. मजकूर जरा जरी बदलला तरी ठसा बदलायला हवा. एसएचए-१ या पद्धतीत तो १६० बिटांचा असतो. वर्गमूळाच्या नियमाने, निव्वळ नशिबावर टक्कर शोधायला २ चा ८० वा घात इतके प्रयत्न लागावेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅममधली सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था यांनी एसएचए-१ च्या रचनेतल्या कच्च्या दुव्यांचा फायदा घेऊन साधारण २ च्या ६३ व्या घाताइतक्या कामात दोन वेगळ्या पीडीएफ फाईली तयार करून दाखवल्या. दिसायला वेगळ्या, ठसा एकच. एकावर सही घ्यायची आणि दुसरी पुढे करायची, ही भीती तोवर कागदावर होती.

बोटाचा ठसा

आता खऱ्या बोटाच्या ठशाकडे येऊ. ११ मार्च २००४ ला माद्रिदमध्ये लोकल गाड्यांत बाँबस्फोट झाले, १९० हून अधिक माणसं गेली. स्पेनच्या पोलिसांना डेटोनेटरच्या पिशवीवर एक अर्धवट ठसा मिळाला. त्यांनी तो इतर देशांना पाठवला आणि एफबीआयने आपल्या कोट्यवधी लोकांच्या डेटाबेसमध्ये शोधला. कॉम्प्युटरने सर्वांत जवळचे २० उमेदवार काढून दिले. त्या यादीत चौथा होता ओरेगन राज्यातला वकील ब्रँडन मेफिल्ड. पूर्वी सैन्यात असल्यामुळे त्याचे ठसे नोंदीत होते. एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठसा त्याचाच असल्याचं सांगितलं. पुढे कोर्टाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही तेच सांगितलं. स्पेनचे पोलीस एप्रिलमध्येच कळवत होते की आम्हाला हे जुळतंय असं वाटत नाही. तरी ६ मे रोजी मेफिल्डला ताब्यात घेतलं.

हा प्रश्नही २३ माणसांच्या खोलीसारखाच आहे. संशयित आधी इतर पुराव्यांवरून सापडला आणि मग त्याचा ठसा जुळला, तर जुळण्याची संधी एकच होती आणि ती जुळली, याला वजन आहे. पण कोट्यवधी ठशांमधून सर्वांत सारखा ठसा निवडून काढला, तर त्या कोट्यवधींत एखादा तरी खूप सारखा असणारच. तो मिळाला याचं आश्चर्य नाही. डेटाबेस जितका मोठा, तितका तो 'जवळपास सारखा' अनोळखी माणूस जास्त सारखा दिसणार. तपासयंत्रणेने डेटाबेसला 'सर्वांत जवळचा कोण?' असं विचारलं होतं आणि आलेलं उत्तर 'हाच तो' असं वाचलं.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात स्पेनने तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं जाहीर केलं. मेफिल्ड दोन आठवड्यांनी सुटला. पुढे अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी या चुकीची चौकशी केली. त्या अहवालात दोन्ही ठसे असामान्य सारखे होते हे नोंदवलं आहे, आणि इतक्या मोठ्या डेटाबेसमध्ये शोध घेतला की असा सारखा ठसा सापडण्याची शक्यता वाढते, हेही. २००६ मध्ये सरकारने त्याची माफी मागितली आणि २० लाख डॉलर भरपाई दिली.